तुझ्या प्रश्नावलीबद्दल

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली प्रश्नावली सावकाश वाचली. मेहनत दिसते. पण नक्की काय मोजायचंय, हे तुझं अजून ठरलेलं नाही. विद्यार्थ्यांना मानसिक आजारांबद्दल काय ठाऊक आहे, हा एक प्रश्न. असा आजार असलेल्या माणसाशी ते कसे वागतील, हा दुसरा. आणि त्यांची स्वतःची तब्येत कशी आहे, हा तिसरा. तू तिन्हींची सरमिसळ केली आहेस.

तिसरा भाग आधी काढून टाक. 'गेल्या दोन आठवड्यांत' असे सुरू होणारे प्रश्न तू पीएचक्यू-९ या तयार प्रश्नावलीतून घेतलेत. ती नैराश्याच्या चाचपणीसाठी आहे, माहिती किंवा दृष्टिकोन मोजण्यासाठी नाही. तिच्यातला नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. विचारल्यामुळे कुणाच्या डोक्यात असे विचार भरतात, असं नाही. ती भीती सोडून दे. अडचण वेगळीच आहे. निनावी फॉर्मवर कुणी 'जवळजवळ रोज'वर खूण केली, तर त्याच्यापर्यंत पोहोचायचं कसं? उत्तर मिळाल्यावर काही करता येणार नसेल, तर तो प्रश्न विचारायचा आपल्याला हक्क नाही. मात्र हा भाग काढलास तरी फॉर्मच्या शेवटी मदत कुठे मिळेल, ते ठळक लिही. नुसता विषय वाचूनही एखाद्याला गरज भासू शकते.

आता माहितीचा भाग. 'बरोबर की चूक' असे प्रश्न ठेवलेस, तर निव्वळ अंदाजाने ठोकणाराही निम्मे गुण मिळवतो. 'माहीत नाही' हा पर्याय हवाच, आणि त्याची टक्केवारी वेगळी मांड. 'चुकीचं ठाऊक आहे' आणि 'ठाऊकच नाही' यांवरचे उपाय वेगळे असतात. मानसिक आरोग्याची माहिती मोजणारी मॅक्स (MAKS) नावाची एक छोटी प्रश्नावली आहे. तिच्यात नैराश्य, स्किझोफ्रेनिया यांच्या यादीत ताण आणि शोकही घातले आहेत, आणि यांतला मानसिक आजार कोणता, असं विचारलंय. मला ही युक्ती आवडते. प्रत्येक दुःखाला आजार म्हणणं हेही अज्ञानच, आणि ते आपल्या नेहमीच्या प्रश्नांत पकडलं जात नाही.

त्याहून चांगली वाट म्हणजे प्रसंग देणं. अँथनी जॉर्म या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात हेच केलं. त्यांचा निबंध 1997 चा. आजाराचं नाव न सांगता एका माणसाचं वर्णन द्यायचं आणि विचारायचं, याला काय झालं असावं? काहीतरी मानसिक बिघाड आहे, हे नैराश्याच्या प्रसंगात 72 टक्के लोकांनी ओळखलं. 'नैराश्य' हे नाव मात्र 39 टक्क्यांनीच घेतलं. तुझ्या फॉर्ममध्ये 'नैराश्य म्हणजे काय?' याखाली चार पर्याय आहेत. उत्तर समोर दिसत असताना ते ओळखण्यात काय मोठेपणा? मोकळी जागा दे. कुठलं उत्तर बरोबर धरायचं, हे फॉर्म वाटण्याआधी लिहून ठेव, आणि तपासताना दोघांनी एकमेकांचं न बघता गुण द्या.

दृष्टिकोनाचा भाग सगळ्यात अवघड, आणि तिथेच तू सगळ्यात घाई केली आहेस. 'मानसिक आजार असलेल्यांना समजून घेतलं पाहिजे आणि त्यांना मदत केली पाहिजे' याला 'असहमत' कोण म्हणेल? शिवाय त्यात दोन प्रश्न कोंबलेत. असं वाक्य सभ्यपणा मोजतं. त्याऐवजी ते किती अंतर ठेवतील, हे विचार: अशा विद्यार्थ्याशेजारी बसशील का? परीक्षेच्या प्रकल्पात जोडीला घेशील का? एका खोलीत राहशील का? बोगार्डस या समाजशास्त्रज्ञाने 1925 मध्ये सामाजिक अंतर मोजायला हीच पायऱ्यांची पद्धत वापरली होती. 'हो' कुठल्या पायरीला थांबतो, ते बघ.

विधानं थोडी अनुकूल, थोडी प्रतिकूल ठेव, नाहीतर डोळे झाकून 'सहमत' म्हणत जाणारे सापडणार नाहीत. पण विधानातच 'नाही' घालू नकोस. 'असं मला वाटत नाही' या वाक्याशी असहमत होताना भलेभले गोंधळतात.

मग चार-पाच जणांना समोर बसवून प्रश्न मोठ्याने वाचायला सांग आणि काय समजलं ते विचार. 'समुपदेशकाकडे जाणं मला सोपं वाटतं' यात कुणाला खोलीचं अंतर दिसतं, कुणाला लोक काय म्हणतील ते, कुणाला फी. प्रत्येकाचं उत्तर बरोबर आणि तुझा तक्ता निरर्थक! हा तुझ्या सांख्यिकीच्या आधीचा टप्पा आहे. क्रॉनबाखचा अल्फा, म्हणजे प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, कितीही चांगला आला तरी तो ही गडबड दाखवत नाही.

नाव विचारलं नाही म्हणजे फॉर्म निनावी झाला, असं नाही. शाखा, वर्ष, लिंग आणि वसतिगृह एकत्र केलं की छोट्या वर्गात माणूस ओळखू येतो. विश्लेषणाला लागेल तेवढंच विचार. 18 वर्षांखालचे असतील तर पालकांची संमती आणि त्यांचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतील. फॉर्म भरताना शिक्षक वर्गात उभे नकोत.

385 जणांकडून फॉर्म भरून घ्यायचे, हा आकडा तू कुठून घेतलास ते कळलं. तो यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या नमुन्यासाठी आहे. ग्रुपवर लिंक टाकलीस तर विषयात आधीपासून रस असलेलेच भरतील. हजार जण भरले तरी तेच. त्यापेक्षा चिठ्ठ्या टाकून वर्ग निवड आणि किती जणांनी नकार दिला तेही नोंदव.

पुढच्या वेळी प्रश्न पाठवू नकोस. अहवालात जे तक्ते छापायचेत ते रिकामे आखून पाठव, मथळ्यांसकट. कुठल्या प्रश्नाला त्यांत घर मिळत नाही, ते मग एकत्र बसून बघू.