वस्तू फुकट द्यायच्या, पण रीतसर

प्रश्न : घरातल्या नको असलेल्या वस्तू फुकट देण्यासाठी आमच्या सेक्टरचा व्हॉट्सॲप ग्रुप काढायचा आहे. काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ग्रुप सेक्टरपुरताच ठेवा. ऐरोलीची खुर्ची बेलापूरला न्यायची तर टेम्पोचं भाडंच खुर्चीपेक्षा महाग. नियम एकच, पण कडक : पैसे नाहीत, अदलाबदलही नाही. एकदा ‘फक्त १०० रुपये’ चालवून घेतलंत की ग्रुपचा बाजार झालाच म्हणून समजा.

मेसेजमध्ये फोटो, मापं, दोष, मजला आणि नेण्याची वेळ हवी. मापं नसली की कपाट लिफ्टमध्ये मावत नाही आणि जिन्यात अडकून बसतं. बंद मिक्सरला ‘बंद’च लिहा.

खरी भांडणं ‘आधी मी म्हटलं होतं’ यावरून होतात. म्हणून संध्याकाळपर्यंत नावं घ्यावीत, निवड देणाऱ्याची. ४८ तासांत वस्तू नेली नाही, तर पुढचं नाव. फ्लॅट नंबर ग्रुपवर टाकू नये, ज्याला वस्तू द्यायची त्यालाच कळवावा. बऱ्याच सोसायट्यांत मोठ्या सामानाला गेटपास लागतो. तो देणाऱ्यानेच आदल्या दिवशी काढावा, नाहीतर वॉचमन टेम्पो अडवतो.

गादी-सोफ्याच्या शिवणीत ढेकूण आहेत का, ते टॉर्च लावून बघा. औषधं आणि गॅसची वापरलेली नळी ग्रुपवर नकोच. फोन देताना आधी गूगल खातं काढा, मगच रीसेट करा. नाहीतर तो नव्या मालकाकडे तुमचाच पासवर्ड मागत बसू शकतो.