मुलीला वाटाघाटी करायच्या आहेत, घरात बोलणं बंद आहे

पत्र थोडक्यात: मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी अहतिसारी यांच्याबद्दल वाचल्यापासून तिला त्यांच्यासारखं शांततेच्या वाटाघाटींचं काम करायचं आहे. वडिलांनी पुण्यात यूपीएससीच्या क्लासचा पहिला हप्ता भरला आहे. ‘आयएफएस, म्हणजे भारतीय परराष्ट्र सेवेत अधिकारी, झाली तरच हे जमेल. तिला समजवा. हल्ली ती आमच्यात जेवायलाही बसत नाही.’ – एक पालक, सांगली जिल्हा

नमस्कार,

तुमच्या पत्रात फी आहे, होस्टेल आहे, वैकल्पिक विषयसुद्धा आहे. मुलगी काय म्हणाली, याचं एक वाक्यही नाही. आणि जेवायला बसत नाही, हे तुम्ही अगदी शेवटी लिहिलंत. मला काळजी तिथेच वाटली. विशीतली मुलगी ताट उचलून खोलीत जाते, ती हट्टाने जात नसते. आपलं इथे कुणी ऐकणार नाही, हे तिने धरून ठेवलेलं असतं. तेव्हा स्पष्टच सांगतो, समजावण्याची गरज आधी तुम्हाला आहे.

यूपीएससीला कुठल्याही शाखेची पदवी चालते, वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. घाई नाही.

पण ‘आयएफएस झाली तरच’ हा समज मात्र काढून टाका. अहतिसारींचंच बघा ना. १९३७ साली तेव्हाच्या फिनलंडमधल्या वीपुरीत जन्म. युद्धात ते शहर सोव्हिएत संघाकडे गेलं, घरदार सुटलं. शिकले ते प्राथमिक शिक्षक व्हायला. १९६० मध्ये कराचीत वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या कामावर गेले, तिथे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करायचे होते. परराष्ट्र खात्यात आले ते १९६५ मध्ये. संयुक्त राष्ट्रांतर्फे दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातल्या नामिबियाची जबाबदारी १९७७ मध्ये आली आणि तो देश स्वतंत्र व्हायला १९९० उजाडलं. त्यातही युद्धबंदीच्या पहिल्याच दिवशी, १ एप्रिल १९८९ ला, नामिबियाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या स्वापो संघटनेचे सैनिक सीमा ओलांडून आले, अहतिसारींनी दक्षिण आफ्रिकेच्या फौजेला तळाबाहेर पडू दिलं आणि शेकडो माणसं मेली. त्या निर्णयावरची टीका त्यांना पुढे अनेक वर्षं सोसावी लागली. इंडोनेशियातल्या आचे प्रांतातला सरकार आणि बंडखोरांचा जवळजवळ तीस वर्षांचा संघर्ष २००५ मध्ये त्यांच्या मध्यस्थीने हेलसिंकीत मिटला, तेव्हा त्यांचं राष्ट्राध्यक्षपद संपून पाच वर्षं झाली होती. बंडखोरांनी स्वातंत्र्याची मागणी सोडली, स्वशासन घेतलं. शांततेचं नोबेल मिळालं २००८ मध्ये, वय ७१.

मुलीलाही एक सांगायचं आहे. या क्षेत्रात पहिली नोकरी ‘शांतता’ या नावाने मिळत नाही. निर्वासितांच्या नोंदी करणं, दुभाषाचं काम, संस्थांचे अहवाल लिहिणं, सुरुवात अशीच होते. एखादी परदेशी भाषा आत्ताच धरावी. गावात तंटामुक्ती समितीची बैठक होत असेल तर मागे बसून बघावी. दोन भावांच्या बांधाच्या भांडणात कोण कधी गप्प होतं, हे पुस्तकात सापडत नाही.

तुम्ही दुसरा हप्ता तूर्त भरू नका. येत्या रविवारी तिच्याबरोबर जेवायला बसा आणि नामिबियाचं काय झालं ते तिला विचारा. ती सांगत असताना मध्ये बोलू नका. पुढचं पत्र तिला लिहू द्या.