घरच्या सर्व्हरवर वेब ॲप्स (ब्राउझरमध्ये चालणारी सॉफ्टवेअर) चालवून प्रत्येक पीसीवरची डेस्कटॉप सॉफ्टवेअर पूर्ण बंद करता येतात का?

येतात की. आणि "नेट गेलं की सगळं ठप्प" असं जो कोण सांगतोय त्याचं अजिबात ऐकू नका, कारण आमच्या काकांनी हेच ऐकवून माझं डोकं खाल्लंय.

सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, ऑफिसातल्या जुन्या पीसींवर ११ चढत नव्हतं, काका म्हणाले सगळे नवीन घेऊ. मी म्हणलो कशाला, एकाच बऱ्या मशीनवर डेबियन (फुकट लिनक्स) टाकून नेक्स्टक्लाउड (फाईली ठेवायला, स्वतःचं गुगल ड्राइव्हच) आणि कोलाबोरा (ब्राउझरमध्येच शीट, पत्रं लिहायला) बसवतो, म्हणजे तोच सर्व्हर, बाकीच्यांवर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारं फुकट लिनक्स), त्यांना नुसता ब्राउझर पुरे. काकांचं एकच, "आरे नेट गेल्यावर काय टाळ कुटायचे का?"

मग ऐन लग्नसराईच्या ऑर्डरीत रस्ता खोदताना फायबर तुटली. आमच्या पॅकिंगवाल्या मावशी नेहमीसारखं साईज, बॉर्डरचा रंग, किती डझन असं शीटमध्ये भरत होत्या आणि तेच आत अकाउंटंटला त्याच क्षणाला दिसत होतं, कारण सर्व्हर कपाटावर, राउटर भिंतीवर, डेटा बाहेर जायचा संबंधच नाही. फक्त सर्व्हरचं नाव राउटरमध्येच नोंदवून ठेवा, बाहेरच्या डीएनएसवर (नावावरून पत्ता सांगणारी नेटवरची यादी) ठेवलं तर नेट गेल्यावर ब्राउझरला पत्ताच सापडत नाही. लाईट जाते म्हणून सर्व्हरबरोबर राउटर आणि स्विचपण इन्व्हर्टरवर घ्या. हे सगळं काकांनी डोळ्यानं बघितलं, तरी पाहुण्यांत अजून "पोरानं पीसी घेऊ दिले नाहीत" म्हणतात. तुमच्याकडं कुणी असा अडून बसला असेल तर त्याच्यासमोर राउटरची नेटची वायर काढा आणि शीट उघडून दाखवा, वाद तिथंच मिटतो.

बाहेरून उघडायचं तर बऱ्याच कनेक्शनला सीजीनॅट असतं (एकच बाहेरचा पत्ता कंपनी अनेक गिऱ्हाइकांत वाटते, म्हणून बाहेरून थेट आत येता येत नाही), पोर्ट फॉरवर्डिंगच्या (राउटरमधून बाहेरच्यांना वाट उघडून देण्याच्या) नादी लागू नका, टेलस्केल टाका, ते तुमच्याच मशीनचं खाजगी नेटवर्क जोडून देतं.

आता "पूर्ण" म्हणाल तर टॅलीसाठी एक विंडोज मशीन आम्हीपण ठेवलंय, ते ग्वाकामोलीनं (दुसऱ्या मशीनची स्क्रीन ब्राउझरमध्ये दाखवणारं सॉफ्टवेअर) ब्राउझरमध्येच उघडतो. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टातली मराठी पत्रं आधी युनिकोड करून घ्या, नाहीतर अक्षरांचा पार चुराडा होतो. एप्रिल-मेत सोलापुरात पत्र्याखाली सर्व्हर ठेवायचा नाही. आणि बॅकअप रोज दुसऱ्या डिस्कवर, ती डिस्कपण युनिटमध्ये नको, घरी न्या, तेवढं होईस्तोवर जुन्या पीसींवरचं काही पुसू नका.