मारामारीची केस तंटामुक्ती समितीत मिटवता येते का?

येते, पण प्रत्येक नाही. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना २००७ साली गावोगावी अशा समित्या नेमणारी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, ती बांधाचे, वाटणीचे, किरकोळ भांडणाचे तंटे गावातच मिटावेत म्हणून. साधी दुखापत असेल तर मार खाल्लेल्याच्या संमतीने तडजोड होते. खून, बलात्कारात अजिबात नाही. केस कोर्टात गेली असेल तर तडजोड लोकअदालतीत नोंदवून घ्या, तिथल्या निवाड्यावर अपील नसतं.

बैठकीत आधी मार खाल्लेल्याला बोलू द्यावं: दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, रात्री दार वाजलं की वाटणारी भीती, सगळं. भरपाईचा आकडा त्यानंतर. ‘गावाची इज्जत’ म्हणत दबाव आला, तर सही करू नका. तालुका विधी सेवा समितीत जा, पात्र असाल तर वकील मोफत मिळतो.