माळ ठेवू का काढू?

ताई पहिल्यांदा माझ्याकडे समुपदेशनाला आल्या तेव्हा खुर्चीवर टेकायच्या आधीच त्यांनी पदराखालची माळ ओढून मला दाखवली. "मॅडम, एवढंच सांगा. ही ठेवू का काढू?"

तुळशीची माळ, 108 मण्यांची, गळ्यालगत दोन पदरी. 21 वर्षांत मणी घासून गुळगुळीत झालेले. दोऱ्याचा मूळ रंग कुठला होता ते आता ओळखू येत नव्हतं. एका बाजूचे तीन मणी बाकीच्यांपेक्षा फिकट होते. मागं कधीतरी दोरा तुटला तेव्हा हरवलेल्यांच्या जागी नवे ओवलेले. बोलताना ताईंचं बोट सारखं त्या तीन मण्यांवर जात होतं.

ताई हे त्यांचं नाव नव्हे. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या अंगणवाडी सेविका, सोलापूर जिल्ह्यातल्या. गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात एका कीर्तनकार महाराजांच्या हातून त्यांनी माळ घातली. त्याच दिवशी, त्याच मांडवात त्यांच्या मालकांनीही घातली. मालक तोवर रोजचे पिणारे. माळ घातली आणि दारू सुटली. पुढची 14 वर्षं थेंबाला शिवले नाहीत, मग हृदयविकारानं गेले. त्यांची माळ त्यांच्याबरोबर चितेवर गेली.

मागच्या वर्षी त्या महाराजांना अटक झाली. मठाच्या वसतिगृहातल्या दोन मुलींनी तक्रार दिली होती. पोक्सोचा, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखाली गुन्हा, खटला अजून चालू आहे. मुलानं दुसऱ्याच दिवशी देवघरातला महाराजांचा फोटो काढून माळ्यावर टाकला आणि म्हणाला, "आई, गळ्यातलं पण काढ." ताईंना ते जमेना. गळ्यात ठेववतही नव्हती. आंघोळीच्या वेळी ओली माळ मानेला चिकटली की मळमळायचं, आणि रात्री झोप लागेना म्हणून तीच मुठीत धरून पडायच्या.

एप्रिल 2018 मध्ये जोधपूरच्या न्यायालयानं स्वयंघोषित संत आसारामला अल्पवयीन मुलीवरच्या बलात्काराबद्दल जन्मठेप सुनावली, त्या वर्षापासून हा प्रश्न माझ्याकडे या ना त्या रूपात येतोच आहे. कुणाकडे रुद्राक्ष, कुणाकडे चांदीच्या पादुका, कुणाकडे पहिल्या पानावर सही असलेली पोथी. फोटो लोक पटकन उतरवतात, कारण त्यात त्या माणसाचा चेहरा असतो. अडतं ते पुढं. पादुका, माळ, पोथी यांच्यावर स्वतःचीही कित्येक वर्षं चढलेली असतात. सही असलेल्या पोथीवाल्या तरुणानं शेवटी ते एक पान ब्लेडनं कापलं आणि पोथी ठेवली. त्याचं तेवढ्यात भागलं. सगळ्यांचं भागत नाही.

मळमळ का होते, ते ताईंना आधी सांगितलं, कारण त्यांना वाटत होतं की आपलं डोकं फिरलंय. पॉल रोझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात दाखवून दिलं की नावडत्या माणसानं घातलेला सदरा स्वच्छ धुऊन दिला तरी लोकांना तो अंगात घालायला नको वाटतो. सदऱ्यावर काही नसतं, हे त्यांना कळत असतं. तरी अंग आक्रसतं. आपल्याकडे याला कधीपासून शब्द आहे, विटाळ. या शब्दानं आपल्या समाजात माणसांवर केवढा अन्याय केला ते आपण जाणतो, म्हणून तो मी जपून वापरते. पण ताईंना तोच शब्द लगेच कळला. "हां, तसंच होतंय," त्या म्हणाल्या.

"अहो, वस्तूचा काय दोष?" हे वाक्य मी आता उच्चारत नाही. काही वर्षांपूर्वी एका मुलीला मी ते म्हटलं होतं. तिच्याकडे एका गुरूनं दिलेली स्फटिकाची माळ होती. ती मुलगी परत आली नाही. खूप नंतर कळलं की त्या माणसानं तिलाच त्रास दिला होता आणि ती माळ म्हणजे तिला गप्प ठेवण्यासाठी हातात ठेवलेली भेट होती. तो माझा दोष होता, मी विचारायच्या आधी बोलले. ज्याच्यावर स्वतःवर अन्याय झाला आहे त्याला वस्तू नकोशी असेल तर ती त्याच दिवशी घराबाहेर जावी. त्याला पावित्र्य समजावून सांगायचं नाही. म्हणून आता मी आधी विचारते: तुमच्याबरोबर काही झालं होतं का? ताई म्हणाल्या, "नाही मॅडम. माझ्याशी ते बापासारखे होते. तेच तर गिळवत नाही."

पहिल्या दिवशी एवढंच ठरलं की महिनाभर काहीच ठरवायचं नाही. फार तर रात्री माळ काढून स्टीलच्या डबीत ठेवून बघायची. हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "काढली आणि पोरानं बाटली धरली तर?"

माळ सुटली तर तिनं बांधून ठेवलेलं सगळंच सुटेल, ही खरी भीती होती. तेव्हा मी माळ बाजूला ठेवली आणि मालकांची दारू सुटली ते दिवस विचारले, एकेक करून. पहिले आठ-दहा दिवस हात थरथरायचे, रात्रभर घाम. (रोज पिणाऱ्यानं डॉक्टरला न दाखवता एकाएकी सोडणं जिवावर बेतू शकतं, त्यांचं निभावलं.) गुत्त्यावरून जाणारा रस्ता त्यांनी सोडला, लांबच्या पांदीनं शेतावर जायला लागले. संध्याकाळी सात ते नऊ ही प्यायची वेळ. त्या वेळी ते देवळात पखवाज घेऊन बसायचे. यायचा नाही आधी, बडवायचे नुसते. पुढं हात बसला. गावात कुणी पाजायला बोलावलंच तर दुसरा म्हणायचा, माळकरी आहे तो, सोड. सप्ताहात विण्याचा पहारा पहाटेचा असेल तर आदल्या रात्री लवकर झोपायचे. सांगता सांगता ताई हसल्या, त्या महिन्यात पहिल्यांदाच असाव्यात.

"यातलं महाराजांनी काय केलं?" मी विचारलं.

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. "माळ घातली. प्रवचन केलं अर्धा तास. आणि गेले पुढच्या गावाला."

मी त्यावर काही जोडलं नाही. पुढच्या भेटीत त्याच म्हणाल्या, की तुकोबांना तर गुरूनं स्वप्नात येऊन मंत्र दिला, आणि 'रामकृष्णहरी' हा मंत्र सगळ्यांना ठाऊक, त्यात गुपित काही नाहीच. पंढरपूरला काशीकापडी समाजाची घरं पिढ्यान् पिढ्या तुळशीच्या माळा करतात, त्यातल्या कुणाच्या तरी हातची ही माळ असणार, त्या बाईचं किंवा बुवाचं नावसुद्धा आपल्याला माहीत नाही, असंही म्हणाल्या. मला वाटलं, झालं, आता सुटतंय. पण त्यांचं बोट अजून त्या तीन मण्यांवरच होतं.

"घरात ही माळ आणखी कोण बघतं, ताई?"

"पोरगा, सून." मग थांबून, "लेक आली की ती."

लेक 27 वर्षांची, लग्न होऊन पुण्यात. दहा आणि अकरा वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत ती त्याच मठात बालसंस्कार शिबिराला गेली होती. बाराव्या वर्षी जायचं नाही म्हणाली. रडली. ताईंनी तिला हाताला धरून एसटीत बसवलं. त्या ओढाताणीतच माळेचा दोरा तुटला. मणी स्टँडभर पांगले, तीन सापडलेच नाहीत.

"मी दुसऱ्यांच्या लेकरांना अंगणवाडीत शिकवते, कुणी नको तिथं हात लावला तर ओरडायचं, आईला सांगायचं," त्या म्हणाल्या. "माझी सांगत होती, मी तिला गाडीत कोंबली."

पाच महिने माळेविषयी विचारत होत्या, पण विचारायचं होतं लेकीला. फोन हातात घ्यायच्या आणि ठेवून द्यायच्या.

विचारायचं कसं, यावर आम्ही दोन बैठका घालवल्या. "तुझ्याबरोबर काही झालं नव्हतं ना गं?" असं त्या विचारणार होत्या. त्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे. समोरचीला 'नाही' म्हणण्यावाचून वाटच राहत नाही. त्याऐवजी आपली चूक आधी सांगायची आणि थांबायचं. फोनवर नाही, समोर बसून, घरात दुसरं कुणी नसताना. ती काहीही म्हणाली तरी खोदायचं नाही. ऐकताना असं रडायचं नाही, की उठून तिनंच आपल्याला सावरावं. ती गप्प राहिली तर गप्प राहू द्यायचं. आणखी एक सांगितलं, ते मी सगळ्यांनाच आधी सांगते: आज एखादं मूल धोक्यात आहे असं कळलं तर पोक्सो कायदा 2012 च्या कलम 19 प्रमाणे ते कळवावंच लागतं, तिथं गुप्ततेचा शब्द मला पाळता येत नाही. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे, आणि रात्री-अपरात्री फारच घालमेल झाली तर 14416 वर टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. दोन्ही नंबर ताईंनी अंगणवाडीच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून घेतले.

दिवाळीला लेक आली. ताईंनी तिला परसात, भांडी घासताना विचारलं, समोर बसवून नाही. मला तेच जास्त बरं वाटलं.

लेक म्हणाली, "माझ्याबरोबर तसलं काही नाही झालं, आई. पण मोठ्या मुलींना रात्री पाय चेपायला बोलवायचे. मला तिथं भीती वाटायची. मी तुला सांगितलं होतं आणि तू ऐकलं नाहीस."

"हो. ऐकलं नाही," ताई म्हणाल्या. आणि थांबल्या. त्या वेळी बोट माळेकडे गेलं होतं, ते त्यांनी खाली घेतलं, असं त्यांनीच मला सांगितलं.

लेकीनं पुण्याला गेल्यावर चार दिवसांनी फोन केला. त्या रात्रीच्या बोलावण्याबद्दल तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांना सांगायला ती तयार होती. ताई तिच्याबरोबर जाऊन बाहेर बाकावर बसून आल्या.

खरं तर माझ्या दृष्टीनं इथंच काम झालं होतं. पण गावात पुढच्या सप्ताहाची बैठक लागली. निम्मं गाव अजून म्हणत होतं की हे सगळं षड्यंत्र आहे, आणि फ्लेक्सवर महाराजांचा फोटो दरवर्षीसारखा छापायचं घाटत होतं. ताई उठून उभ्या राहिल्या. निकाल काय लागायचा तो लागेल, तोवर त्या दोन पोरींसाठी तरी हा फोटो गावात लागणार नाही, एवढंच म्हणाल्या. कुणीतरी ओरडलं, मग गळ्यात त्यांचीच माळ का? "त्यांची नाही. माझी आहे," असं म्हणून त्या खाली बसल्या. फोटो छापला गेला नाही. दोन बायकांनी मात्र त्यांच्याशी बोलणं सोडलं, ते अजून सुरू झालेलं नाही.

मला विचाराल तर माळ काढून टाकली असती तरी ते तितकंच बरोबर ठरलं असतं. तुळशीचं लाकूड, वृंदावनाच्या मातीत मिसळून जातं. त्यासाठी नदीत काही टाकावं लागत नाही. ताईंनाही हे सांगितलं होतं. त्यांनी वेगळं ठरवलं.

माघात त्या पंढरपूरला गेल्या. माळ करणाऱ्या एका म्हातारीकडून दोरा बदलून घेतला. ते तीन फिकट मणी बदलून देऊ का, असं तिनं विचारलं. राहू देत, म्हणाल्या. लेक बरोबर होती. नामदेव पायरीपाशी त्यांनी माळ तिच्यापुढं धरली, "तू घालतेस का?" लेक म्हणाली, "नाही, आई. तुला घालायची तर तू घाल. मला नको सांगू." ताईंना लागलं, पण त्यांनी आग्रह केला नाही. स्वतःच गळ्याभोवती घ्यायला गेल्या तर मानेमागची गाठ काही बसेना. माळ तशीच रुमालात बांधून परत निघाल्या.

येताना एसटीत शेजारच्या बाईनं त्यांची धडपड बघितली आणि न विचारताच मागून गाठ मारून दिली. मोहोळला ती उतरून गेली. कोण, कुठली, काही कळलं नाही.

"गाठ जरा घट्ट बसलीय," ताई मला म्हणाल्या, आणि माळेत बोट घालून ती थोडी सैल करू लागल्या.