फॉर्म्युला वन कार शर्यतींचा ड्रायव्हर मॅक्स व्हर्स्टॅपेन खरंच महान आहे, की एवढ्या लहान वयात भारी गाडी मिळाली म्हणून जिंकत सुटला?

महान आहे. पण तुम्ही प्रश्नात 2023चा दाखला दिलाय (22 पैकी 19 शर्यती जिंकला, त्यातल्या 10 सलग) आणि विचारलंय की असली गाडी दिली तर कुणीही जिंकला नसता का. त्या वर्षी त्याच्या रेड बुल संघाने सिंगापूर सोडून एकूण एक शर्यत जिंकली, तेव्हा गाडी अफाट होती यात वादच नाही. म्हणून तो हंगाम मी पुराव्यात धरतच नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की मॅक्सचे 575 गुण झाले आणि तीच गाडी चालवणाऱ्या पेरेझचे 285. म्हणजे निम्मेसुद्धा नाहीत.

हाच वाद मी रेड बुलच्याच आधीच्या विजेत्यावरून, व्हेटेलवरून घातलेला आहे आणि तेव्हा मी तुमच्या बाजूला होतो. 27 ऑक्टोबर 2013ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर आम्ही मित्र पुण्याहून गेलो होतो. व्हेटेल पोलवरून (सगळ्यात पुढच्या जागेवरून) सुटला आणि दुसऱ्या लॅपलाच (फेरीलाच) टायर बदलायला पिटमध्ये शिरला, कारण सॉफ्ट टायर तिथे टिकत नव्हते. बाहेर आला तो थेट 17वा. तिथून एकेकाला मागे टाकत पुन्हा पुढे आला, शर्यत जिंकली, आणि 26व्या वर्षी चौथं विजेतेपद खिशात. मग गाडी आत न नेता मुख्य स्टँडसमोर गरागरा फिरवली. पांढरा धूर खाली बसल्यावर पाहतो तर हा गाडीपुढे गुडघे टेकून, दोन्ही हात जमिनीला लावून नमस्कार करतोय. मी मित्राला म्हटलं, "बघ, कुणामुळे जिंकलो ते त्यालाही माहितीये."

ते माझं बोलणं चूक होतं. संघातला दुसरा ड्रायव्हर वेबर, त्याच्याकडे तीच गाडी होती. त्या हंगामात व्हेटेल 13 शर्यती जिंकला आणि वेबर एकही नाही. रेड बुलचा डिझायनर न्यूई याच्या त्या गाड्यांची खुबी अशी की एक्झॉस्टचा (इंजिनाच्या धुराचा) झोत मागच्या भागात सोडून गाडी रस्त्याला दाबून धरायची. म्हणजे वळणात मागची चाकं सुटतील असं वाटत असतानाच पाय गॅसवर द्यायचा, तरच गाडी धरते. शरीर नको म्हणत असतं तेव्हा ते करायचं. व्हेटेलला ते जमलं, वेबरला तसं जमलं नाही. पण 2014ला नियम बदलले, ती खुबी गेली, आणि संघात नवा आलेला रिकियार्डो 3 शर्यती जिंकला तर व्हेटेल शून्य. माझ्या मते व्हेटेल मोठाच, पण त्याचं मोठेपण एका प्रकारच्या गाडीत बसणारं होतं. म्हणून मॅक्सबद्दल मी एकच गोष्ट बघतो. गाडी घसरली तेव्हा त्याने काय केलं?

त्याचं उत्तर 2024ला मिळालं. मे-जूनपासून प्रतिस्पर्धी संघाची मॅक्लारेन वेगवान झाली आणि मॅक्सने सलग 10 शर्यती गमावल्या. मग 3 नोव्हेंबर, ब्राझीलचं इंटरलागोस, धो धो पाऊस. इंजिन बदलल्याचा दंड आणि पात्रता फेरीतली फजिती मिळून सुरुवात 17व्या जागेवरून, आणि विजेतेपदासाठी पाठलाग करणारा मॅक्लारेनचा नॉरिस पोलवर. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजले होते. पहिल्या लॅपमध्येच तो पाच-सहा जणांना ओलांडून गेला. पहिल्या वळणाला सगळे जिथे ब्रेक लावत होते त्याच्या कितीतरी पुढे जाऊन हा लावायचा, आणि गाडी तरी वळायची. मधे लाल झेंडा लागून शर्यत थांबली तेव्हा तो पिटला गेलेला नव्हता, म्हणून वेळ न घालवता टायर फुकटात बदलून मिळाले. ते नशीब होतं, नाकारत नाही. पण पुढे आघाडीवरच्या ओकॉनला मागे टाकून 19 सेकंदांनी जिंकणं हे नशीब नव्हे. नॉरिस सहावा आला. तशाच गाडीतला पेरेझ 11वा.

पावसाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण खरा माणूस तिथे दिसतो. पहिल्या पावसात दुचाकी कुठे घसरते, हे आपल्याला माहीत आहे. ट्रॅकचंही तसंच. कोरड्यात सगळे ज्या रेषेवरून जातात तिथे टायरचं रबर साचतं, आणि ओलं झालं की तीच रेषा सगळ्यात निसरडी होते. मॅक्स लहानपणी कार्टिंगमध्ये शिकला तसा ती सोडून वळणाच्या बाहेरून जातो. 2016ला याच इंटरलागोसवर, 19 वर्षांचा असताना, शेवटच्या 15-16 लॅपमध्ये तो 16व्यावरून तिसरा आला होता. तेव्हा त्याची गाडी काही सर्वोत्तम नव्हती, सर्वोत्तम गाडी मर्सिडीजची होती.

एक मुद्दा तुमच्या बाजूचाही आहे. गाडी हळूहळू त्याच्याच हाताला घडत गेली. आधी त्याच्याच संघात असलेल्या अल्बॉनने एकदा सांगितलं होतं की त्या गाडीचं पुढचं टोक म्हणजे कॉम्प्युटरच्या माउसची सेन्सिटिव्हिटी पार शेवटपर्यंत वाढवून ठेवल्यासारखं आहे. जरा हात हलला की गाडी कुठल्या कुठे. गॅसली, अल्बॉन, पेरेझ, त्याच्या संघातले सगळे जोडीदार तिथे झगडले. पण ही अशीच गाडी सगळ्यात वेगवान असते आणि ती चालवता येणारा एकच जण निघाला, याला मी त्याचा दोष कसा म्हणू?

त्याचे खरे दोष वेगळे आहेत. मेक्सिकोत 2024ला नॉरिसला एकाच शर्यतीत दोनदा बाहेर ढकललं आणि 10-10 सेकंदांचे दोन दंड घेतले. 2025ला स्पेनमध्ये मर्सिडीजच्या रसेलवर गाडी घातली, ते तर मला बघवलं नाही. एवढं कौशल्य असलेल्या माणसाला त्याची गरज नाही. 2021च्या अबू धाबीच्या शेवटच्या लॅपमध्ये हॅमिल्टनला मागे टाकून तो विजेतेपद घेऊन गेला, तो लॅप मात्र मी त्याच्या दोषांच्या खात्यात टाकत नाही. सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी) आत घेऊन शर्यत पुन्हा सुरू करायचा तो निर्णय शर्यत संचालकाचा होता, आणि त्यात हॅमिल्टनवर अन्याय झाला, हेही मी मानतो.

आता तुम्हीच 2025 बघा. नेदरलँड्समधल्या झँडवूर्टच्या शर्यतीनंतर मॅक्लारेनच्या पियास्त्रीपेक्षा 104 गुण मागे, गाडी मॅक्लारेनपेक्षा कमी. तिथून मोन्झा, बाकू, ऑस्टिन, लास व्हेगस, कतार आणि अबू धाबी जिंकत गेला आणि शेवटी विजेतेपद हरला ते नॉरिसकडून, 423 विरुद्ध 421.