जुन्या डिस्कवरचा संसार नव्या डिस्कवर हलवताना

प्रश्न : आमच्या घरच्या डेस्कटॉपची ५०० जीबीची हार्ड डिस्क आता काठोकाठ भरली आहे. मुलांच्या लहानपणापासूनचे फोटो, मी सांभाळत असलेले आमच्या गृहनिर्माण संस्थेचे हिशेब आणि पत्नीने श्रीलिपीमध्ये टाइप केलेले बरेचसे लेखन तिच्यावर आहे. २ टीबीची नवी डिस्क आणून ठेवली आहे. तंत्रज्ञ म्हणतात, फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकावे लागेल. जुन्या डिस्कवरचे सगळे फोल्डर नव्या डिस्कवर कॉपी-पेस्ट केले तर भागणार नाही का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : फोटो, हिशेब आणि लेख कॉपी-पेस्टने नव्या डिस्कवर निश्चित जातील, विंडोज मात्र तसे जात नाही. संगणक सुरू होताना ज्या लहानशा विभागातून पहिला प्रोग्रॅम उचलतो, तो विभाग एरवी आपल्याला दिसतच नाही, आणि विंडोज चालू असताना त्याच्या कितीतरी फाइल वापरात असल्यामुळे त्यांची नक्कल होऊ शकत नाही. म्हणून अशा वेळी संपूर्ण डिस्कचे क्लोनिंग करतात, म्हणजे दिसणारे आणि न दिसणारे सर्व विभाग जसेच्या तसे दुसऱ्या डिस्कवर उतरवतात. फॉरमॅट मारणे हा चुकीचा उपाय नव्हे; विंडोज वारंवार अडकत असेल किंवा नाहीतरी नवी आवृत्ती घ्यायची असेल तर तोच चांगला. परंतु आपल्या बाबतीत मी क्लोनिंगच सुचवेन, आणि त्याचे मुख्य कारण आपल्या पत्नीचे लेखन हे आहे.

श्रीलिपीसारख्या प्रणालींच्या जुन्या फाँटमध्ये अक्षरांचे संकेतांक युनिकोडचे, म्हणजे सर्व संगणकांना समान असलेल्या पद्धतीचे नसतात, त्यामुळे ज्या संगणकावर तो विशिष्ट फाँट नाही तेथे ती फाइल उघडल्यास रोमन अक्षरे आणि चिन्हांची अर्थहीन सरमिसळ दिसते. मजकूर नष्ट झालेला नसतो, पण फाँट परत मिळेपर्यंत तो वाचता येत नाही. फॉरमॅट मारताना ‘डेटा काढून ठेवला’ असे म्हणतात तेव्हा बहुधा डी ड्राइव्ह, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स एवढेच काढलेले असते. विंडोजच्या फोल्डरातील फाँट, टंकलेखनाचे सॉफ्टवेअर आणि हिशेबाच्या प्रोग्रॅमने सी ड्राइव्हवर स्वतःच्या फोल्डरात ठेवलेला डेटा मागेच राहतो. क्लोनिंगमध्ये हे सारे आपोआप येते. तरीही एक खबरदारी घ्या : काही सॉफ्टवेअरचा परवाना हार्ड डिस्कच्या क्रमांकाशी बांधलेला असतो, त्यामुळे त्यांच्या परवान्याचे क्रमांक आधीच कागदावर लिहून ठेवा. विंडोजचा परवाना मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेला असल्याने केवळ डिस्क बदलल्याने तो सहसा जात नाही.

क्लोनिंगला हात घालण्यापूर्वी जुन्या डिस्कची प्रकृती पाहणे आवश्यक आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम डिस्कने स्वतःच नोंदवलेली माहिती वाचून ‘गुड’, ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ असा शेरा दाखवतो. शेरा ‘गुड’ असेल तरच पुढे जावे. त्यानंतरही फोटो, हिशेब, लेख आणि विंडोजच्या फोल्डरातील फाँट यांची एक स्वतंत्र प्रत बाहेरच्या एखाद्या डिस्कवर किंवा मोठ्या पेन ड्राइव्हवर करून ती संगणकापासून काढून बाजूला ठेवावी. पुष्कळ जण ही पायरी गाळतात आणि मला त्याचे फार वाईट वाटते, कारण क्लोनिंगमध्ये होणारे सर्वांत मोठे नुकसान यंत्राच्या बिघाडाने होत नाही, तर दिशा उलटी निवडल्याने होते.

ही दिशा म्हणजे सोर्स (जिची नक्कल करायची ती डिस्क) आणि टार्गेट (जिच्यावर नक्कल उतरवायची ती). क्लोनझिलासारखा मोफत प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून सुरू केला की तो आधी सोर्स आणि मग टार्गेट डिस्क विचारतो; नव्या कोऱ्या डिस्कला सोर्स म्हटले तर जुन्या डिस्कवर रिकामेपण लिहिले जाईल. (पुष्कळ डिस्क उत्पादकही आपल्या ग्राहकांसाठी असा प्रोग्रॅम विनामूल्य देतात आणि तो विंडोजमध्येच चालत असल्याने नवख्या माणसाला अधिक सोपा जातो.) पडद्यावर प्रत्येक डिस्कपुढे तिची क्षमता आणि मॉडेल लिहिलेले असते. आपल्याकडे एक ५०० जीबीची आणि दुसरी २ टीबीची असल्याने ओळख सोपी आहे, तरीही दोन्ही डिस्कच्या लेबलवरचे मॉडेल व अनुक्रमांक आधी टिपून घ्यावेत, बाकी सर्व डिस्क आणि (क्लोनझिलाचा सोडून) पेन ड्राइव्ह काढून टाकावेत, आणि प्रोग्रॅम खात्रीसाठी पुन्हा विचारतो तेव्हा ते वाचल्याखेरीज होकार देऊ नये.

तयारीत आणखी दोन गोष्टी येतात. विंडोज नेहमीच्या पद्धतीने बंद केल्यावर अनेकदा अर्धवट झोपलेल्या स्थितीत राहते आणि मग क्लोनिंगचा प्रोग्रॅम तक्रार करतो. म्हणून शिफ्टचे बटण दाबून धरून ‘शट डाउन’वर क्लिक करावे. दुसरे, बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ते आधी बंद करून डिस्क पूर्ण उलगडू द्यावी आणि ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवावी.

डेस्कटॉप असल्याने दोन्ही डिस्क कॅबिनेटमध्येच जोडता येतील : मदरबोर्डकडून येणारी अरुंद डेटा केबल आणि एसएमपीएसकडून (वीज पुरवणाऱ्या डब्याकडून) येणारी रुंद पॉवर केबल, दोन्हींची टोके एल आकाराची असल्याने उलटी बसत नाहीत, बसेना तर जोर लावू नये. अशा जोडणीत सेकंदाला १०० एमबी वेग धरला तर ४५० जीबी मजकुराला सुमारे सव्वा तास लागतो, आणि हेच काम यूएसबी २.० मधून केले तर चार तासांहून अधिक. वीज मध्येच गेल्यास सगळे पहिल्यापासून करावे लागते, म्हणून यूपीएस नसेल तर आपल्या भागात वीज टिकते ती वेळ निवडावी.

काम झाल्यावर संगणक बंद करून जुनी डिस्क काढावी, तिच्या जागी नवी जोडावी आणि मगच सुरू करावे. दोन्ही डिस्क एकदम जोडून सुरू केल्यास ओळखक्रमांक सारखेच असल्यामुळे विंडोज एकीला ‘ऑफलाइन’ करते, किंवा संगणक जुन्याच डिस्कवरून सुरू होतो आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. जुनी डिस्क लगेच पुसू नये. महिना-दोन महिने नव्या डिस्कवर हिशेब, छपाई, टंकलेखन हे सर्व नेहमीप्रमाणे चालल्याची खात्री होईपर्यंत ती तशीच राहू द्यावी.

आपण ४ टीबीची घेतली नाहीत हे बरे झाले. जुन्या संगणकांवर डिस्कची विभागणी बहुधा एमबीआर पद्धतीची असते आणि नेहमीच्या डिस्कवर ती साधारण २.२ टीबीपलीकडची जागा हाताळू शकत नाही. त्याहून मोठ्या डिस्कला जीपीटी पद्धत लागते, आणि जुना मदरबोर्ड अशा डिस्कवरून विंडोज सुरू करेलच असे नाही.

प्रश्न : ५०० जीबीवरून १ टीबीवर क्लोन केले, पण संगणक अजून ४६५ जीबीच दाखवतो. उरलेली जागा कुठे गेली?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : जागा डिस्कवरच आहे, तिला अद्याप कोणत्याही विभागात घेतलेले नाही. विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट उघडल्यास ती ‘अनअॅलोकेटेड’ म्हणून काळ्या पट्टीखाली दिसेल. सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ निवडावे. हा पर्याय पुसट दिसत असेल, तर सी ड्राइव्ह आणि रिकामी जागा यांच्यामध्ये दुसरा एखादा विभाग आहे, बहुधा विंडोजचा रिकव्हरी विभाग. जीपार्टेड या मोफत प्रोग्रॅमने तो शेवटाकडे सरकवून मग सी वाढवता येतो, मात्र त्याआधी डेटाची प्रत करून ठेवा. एवढे करूनही बेरीज ९३१ जीबीच येईल. उत्पादक १ टीबी म्हणजे १,००० जीबी असे दशमान पद्धतीने मोजतात, तर विंडोज १,०२४च्या पटीत मोजते. यात कोणाचीही फसवणूक नाही.

प्रश्न : जुन्या डिस्कमधून टिक-टिक आवाज येतो आणि कॉपी करताना संगणक थिजतो. क्लोन करून घ्यावे का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : साधे क्लोनिंग नको, आणि विंडोजची डिस्क दुरुस्तीची चेकडिस्क तर मुळीच चालवू नका, कारण कमकुवत डिस्कला संपूर्ण वाचायला लावले की ती त्यातच बंद पडू शकते. संगणक आत्ताच बंद करा. कोठेही दुसरी प्रत नसलेले काही डिस्कवर असेल, तर ती पुन्हा सुरू न करता डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडेच न्या आणि खर्चाचा अंदाज लेखी घ्या. तेवढे मोलाचे काही नसेल तर लिनक्सवरील (विंडोजऐवजी चालणाऱ्या प्रणालीवरील) डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम वापरून पाहता येईल. तो आधी सहज वाचता येणारा भाग नव्या डिस्कवर उतरवतो, अडलेल्या जागा नोंदवून ठेवतो आणि त्यांच्याकडे शेवटी वळतो.